आकाशाचा घसा बसतो तेव्हा

मागच्या अंकात शाळेतल्या एका मुलीला उत्तर देताना मी लिहून गेलो, की सूर्यावरून निघालेले कण थेट ध्रुवांवर येऊन आदळतात आणि आकाश उजळतं, म्हणजेच ध्रुवप्रकाश दिसतो. त्यावरून दोन वाचकांनी माझा कान धरला, आणि तो धरण्यासारखाच होता. बाकी काही जणांनी पुढचे प्रश्न पाठवले. त्या मुलीचंही पुन्हा पत्र आलंय. म्हणून या वेळचं सदर सगळंच्या सगळं ध्रुवांवरच्या हवेला. यातल्या एका प्रश्नाशी माझा जुना हिशेब आहे, तिथं जरा रेंगाळेन. चालवून घ्या.

प्रश्न : ध्रुवांवर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला भोकं आहेत आणि नरसाळ्यातून तेल ओतावं तसे हे कण त्यातून आत येतात, असं मी वर्गात शिकवत आलो. तुम्ही ‘थेट आदळतात’ म्हणता. मग ध्रुवप्रकाश सगळ्यात जास्त ऐन ध्रुवावर दिसायला हवा. तसा तो दिसत नाही. कोण चुकतंय?

उत्तर : सर, दोघंही. पण माझी चूक मोठी.

आधी नरसाळ्याचं पाहू. धावणाऱ्या विद्युतभारित कणाला चुंबकीय बलरेषा आडवी ओलांडायची झाली, की क्षेत्र त्याला बाजूला वळवतं. रेषेच्या दिशेनंच जायचं असेल तर मात्र कुणी अडवत नाही. तो रेषेभोवती गिरक्या घेत सरळ खाली येतो. विषुववृत्तावर या रेषा जमिनीला समांतर आडव्या पडलेल्या असतात, म्हणजे वरून येणाऱ्याला प्रत्येक रेषा ओलांडावी लागते. ध्रुवांजवळ त्याच रेषा उभ्या असतात. तिथं भोक वगैरे काही नाही. क्षेत्र तिथं उलट जास्त जोरदार आहे, फक्त त्याचा कोन कणांना सोयीचा आहे. याकोब क्ले या डच भौतिकशास्त्रज्ञानं १९२७ मध्ये जावाहून नेदरलँड्सला जाताना बोटीवर अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांची मोजणी केली, तेव्हा विषुववृत्ताजवळ त्यांची तीव्रता कमी भरली. किरण विद्युतभारित कणांचे आहेत आणि पृथ्वी त्यांना अक्षांशाप्रमाणं चाळून घेते, याचा तो पहिला धागा. नरसाळ्यासारख्या दोन जागा खरोखरच आहेत, दिवसाच्या बाजूला, पण ध्रुवप्रकाशाचा मुख्य पुरवठा तिथून होत नाही.

तो होतो रात्रीच्या बाजूनं. सौरवारा, म्हणजे सूर्यावरून सतत वाहणारा कणांचा झोत, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मागच्या बाजूला ताणून त्याची लांबच लांब शेपटी करतो. या शेपटीत ऊर्जा साठत जाते. मग तिथल्या रेषा तुटून नव्यानं जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा मोकळी होते. तेव्हा इलेक्ट्रॉन पृथ्वीकडे फेकले जातात, आणि त्यांना शेवटचा मोठा धक्का मिळतो तो पृथ्वीपासून काही हजार किलोमीटरवर. म्हणजे ध्रुवप्रकाशाचा इलेक्ट्रॉन सूर्यावरून बंदुकीच्या गोळीसारखा आलेला नसतो. त्याला वेग इथंच, पृथ्वीच्या अंगणात मिळतो. म्हणूनच प्रकाशाचं कडं चुंबकीय ध्रुवाभोवती साधारण ६५ ते ७० अंश चुंबकीय अक्षांशांवर पडतं आणि ऐन मध्यभाग बहुतेक वेळा काळोखा राहतो.

सूर्यावरून जवळपास थेट येणारे कणही असतात, पण ते वेगळे. मोठ्या सौरस्फोटांतून सुटलेले प्रोटॉन. त्यांची ऊर्जा ध्रुवप्रकाशाच्या इलेक्ट्रॉनांच्या हजारो पट असते आणि ते कड्यावर न थांबता ध्रुवावरची सगळी टोपी सारखी भरून टाकतात. गंमत अशी, की हे महाशय खूप खोलवर जातात, हवेत प्रचंड उलथापालथ करतात, आणि डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. जे दिसतं तेवढ्यावरच आपण ‘कण आले’ म्हणतो, आणि मीही तेच केलं.

प्रश्न : ‘हवेचे आयन होतात’ म्हणजे नेमकं काय? आणि एक कण किती हवा बिघडवू शकतो? अभियांत्रिकीला आहे, त्यामुळं आकडे दिलेत तरी चालतील.

उत्तर : चालतील काय, आकड्यांशिवाय यात मजाच नाही.

धावता कण नायट्रोजनच्या किंवा ऑक्सिजनच्या रेणूजवळून जातो तेव्हा त्यातला एखादा इलेक्ट्रॉन उडवतो. मागं राहतो धनभारित आयन, आणि सुटलेला इलेक्ट्रॉन पुढं आणखी एकदोघांना धक्के देतो. हवेत अशी एक जोडी तयार करायला सरासरी ३५ इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) खर्च होतात. आता भागाकार कर. ध्रुवप्रकाशातला १० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन जेमतेम तीनेकशे जोड्या करून संपतो. १ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन मात्र पावणेतीन लाखांहून जास्त जोड्या करतो.

जोड्या किती होतात याइतकंच त्या कुठं होतात हेही महत्त्वाचं. हा १ कोटीवाला प्रोटॉन जमिनीलगतच्या हवेत सोडला तर सव्वाएक मीटरच्या आतच थांबेल. म्हणजे हाताच्या दीडदोन लांबीएवढी हवा त्याला पुरते. पण वर हवा इतकी विरळ, की तेवढाच ऐवज गोळा व्हायला त्याला अवकाशातून साधारण ६५ किलोमीटर उंचीपर्यंत उतरावं लागतं. १० कोटीवाला तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत पोचतो, म्हणजे ओझोनच्या थरात. १० हजारवाला इलेक्ट्रॉन शंभर किलोमीटरच्या वरच अडकतो, आणि पृथ्वीभोवती कण अडकून राहतात त्या चुंबकीय पट्ट्यांतून गळलेला १० लाखांचा इलेक्ट्रॉन साठेक किलोमीटरवर. कण कोणत्या उंचीवर थांबला हे कळलं, की त्याची ऊर्जा कळली. वातावरण हेच इथलं मोजमापाचं भांडं.

आणखी एक. प्रोटॉन वाटेवर सारखा खर्च करत नाही. वेग असतो तोवर तो रेणूंजवळून भर्रकन निघून जातो, आणि मंदावला की शेवटच्या टप्प्यात सगळ्यात जास्त आयन करतो. मुक्कामाच्या गावी पोचल्यावर खिसा रिकामा करणाऱ्या प्रवाशासारखा. हे विल्यम हेन्री ब्रॅग यांनी १९०४ च्या सुमारास अल्फा कणांवर दाखवलं होतं. त्यामुळं आयनांचा दाट पट्टा वाटेच्या शेवटाशी सापडतो.

प्रश्न : मी हौशी रेडिओवाला, पन्नास वर्षांचा. आयनांबरामुळं, म्हणजे वरच्या हवेतल्या आयनांच्या थरामुळं, लघुलहरी परत फिरतात आणि म्हणून दूरची केंद्रं ऐकू येतात. मग ध्रुवावर आयन वाढल्यावर संपर्क सुधारायला हवा. तो तुटतो कसा?

उत्तर : हाच तो जुना हिशेब.

२००३ साली मी अंटार्क्टिकावरच्या एका संशोधन केंद्रावर यंत्रं सांभाळायला होतो. हिवाळा काढून झाला होता, परतीची जहाजं यायला अवकाश होता, आणि माणसं एकमेकांच्या खोकल्यावरून एकमेकांना ओळखू लागली होती. माझ्याकडे एक रिओमीटर होता. नाव भारदस्त असलं तरी काम अगदी साधं. आकाशगंगेकडून रेडिओ लहरींची एक अखंड खरखर येत असते. ३० मेगाहर्ट्झच्या आसपास ती ऐकत राहायची आणि कागदावर रेघ काढायची, बस्स. हे यंत्र १९५० च्या दशकाच्या अखेरीस अलास्कात घडलं. आमची अँटेना म्हणजे खडकात रोवलेल्या खांबांवरच्या पाच पाच मीटरच्या आडव्या दांड्या. वारा सुटला की त्या बासरीसारख्या वाजायच्या.

रेघेला स्वतःचं वळण असतं. आकाशगंगेचा दाट भाग डोक्यावर आला की रेघ फुगते, गेला की बसते. तारे सूर्याच्या घड्याळापेक्षा रोज जवळपास चार मिनिटं आधी उगवतात, त्यामुळं तो फुगवटाही कागदावर रोज चार मिनिटं अलीकडे सरकतो, महिन्यात दोन तास. हे वळण मला पाठ झालं होतं. झोपेतही काढून दाखवलं असतं.

२८ ऑक्टोबरला जागतिक वेळेनुसार अकरा वाजून गेल्यावर रेघ आधी एकदम वर उडाली, मग खाली आली आणि बसतच गेली. मी म्हटलं, गेला कनेक्टर! हिवाळ्यात दोनदा गेलाच होता. कोट चढवून बाहेर पडलो, कनेक्टर उघडला, पुसला, पुन्हा बसवला. रेघ तशीच. परत बाहेर. या वेळी केबलच बदलली. बोटं बधिर झाली, तोंडातून येऊ नयेत ते शब्द आले, रेघ तशीच. तेवढ्यात रेडिओच्या खोलीतला सहकारी दारात येऊन म्हणाला, “अहो, माझा संच मेला वाटतं. माणूस सोडा, खरखरसुद्धा येत नाही.”

दोन वेगळी यंत्रं, दोन वेगळ्या अँटेना, आणि दोन्ही एकाच वेळी मुकी. बिघाड माझ्या केबलमध्ये नव्हता, तो सत्तर किलोमीटर वर होता. आणि खरं तर कागदाकडे नीट पाहिलं असतं तर बाहेर जायची गरजच नव्हती. केबल तुटली असती तर रेघ सपाट झाली असती. ही खुजी झाली होती, पण वळण शाबूत होतं. आकाशगंगा होती तिथंच होती, फक्त तिचा घसा बसला होता.

आता तुमचा प्रश्न. लहर परत फिरवणारे इलेक्ट्रॉन अडीच-तीनशे किलोमीटरवर असतात. लहर आली की तिच्या तालावर ते डोलतात आणि डोलताना तीच लहर पुन्हा सोडतात. तिथं हवा इतकी विरळ आहे, की डोलताना कुणाशी टक्कर होत नाही. पण प्रोटॉनांनी आयन केले ते साठ-सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. तिथं डोलणारा इलेक्ट्रॉन सेकंदाला लाखो वेळा हवेच्या रेणूंवर आपटतो. लहरीकडून घेतलेली ऊर्जा लहरीला परत देण्याआधीच ती उष्णतेत जाते. वरचा आरसा शाबूत असतो, पण आरशापर्यंत जाता-येता मधल्या गाळात लहर रुतते. म्हणून तुमची लघुलहर मरते, आणि आकाशगंगेची खरखरही. मोठ्या वादळात ही खरखर एकदशांशाच्याही खाली जाते. माणसाचा आवाज न येणं समजू शकतो, पण खरखरही न येणं, याची सवय कुणाला नसते.

त्या दिवशी नेमकं काय झालं होतं ते आम्हाला नंतर कळलं. सूर्यावरच्या महाज्वालेचा कळस जागतिक वेळेनुसार ११ वाजून १० मिनिटांनी झाला. सर्वांत वेगवान कण त्यानंतर मिनिटांतच पृथ्वीवर पोचले. स्फोटात सुटलेला चुंबकीय ढग मागून आला. एरवी त्याला दोनतीन दिवस लागतात, तो १९ तासांत हजर. दुसऱ्या दिवशी सकाळी १ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच्या प्रोटॉनांचा ओघ उपग्रहावर २९,५०० एककांवर होता. १० एककं झाली तरी प्रोटॉन वादळ म्हणून नोंद होते, म्हणजे बघा.

तुमच्यासाठी एक जादा माहिती. प्रोटॉन वादळ चालू असताना उन्हात लहरींचं शोषण जास्त आणि अंधारात कमी होतं. अंधार पडला की त्या उंचीवरचे मोकळे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या रेणूंना चिकटतात, आणि चिकटलेला इलेक्ट्रॉन जड झाल्यामुळं लहरीच्या तालावर डोलत नाही. उजाडलं की ऊन त्यांना पुन्हा सोडवतं. त्यामुळं रात्री रेघ सुधारली म्हणून ‘संपलं एकदाचं’ असं म्हणून कोणी झोपायला गेलं, तर सकाळी त्याला पुन्हा तीच बसलेली रेघ दिसते. ध्रुवावरून जाणाऱ्या विमानांची पंचाईतही हीच. साधारण ८२ अंशांच्या पलीकडे भूस्थिर उपग्रह क्षितिजाखाली जातो, भिस्त लघुलहरींवर राहते, आणि असं वादळ आलं की वाट बदलून दक्षिणेकडून जावं लागतं.

प्रश्न : ओझोनचं छिद्र या कणांमुळं पडलं आणि माणसाला उगाच दोष दिला गेला, असा एक संदेश फिरतोय. तथ्य आहे?

उत्तर : नाही. १९८५ मध्ये जगापुढं आलेलं अंटार्क्टिकावरचं छिद्र हे क्लोरोफ्लुरोकार्बनमधल्या क्लोरिनचं काम आहे, आणि दोष योग्य माणसांनाच दिला गेला. अशा संदेशांची अडचण ही, की त्यांत चिमूटभर खरं असतं. ते खरं तेवढं सांगतो.

कण ओझोन मारतात, पण स्वतः नव्हे. आयन झाले की त्यांना पाण्याचे रेणू चिकटतात, आणि असा गुच्छ शेवटी इलेक्ट्रॉनला भेटून फुटतो तेव्हा हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल सुटतात. दुसरीकडे नायट्रोजनचे रेणू फुटून नायट्रिक ऑक्साइड बनतं. हे दोन्ही गट ओझोन मोडतात आणि स्वतः पुन्हा मोकळे होतात. पहिला गट चपळ पण अल्पायुषी, काही तासांचा. जुलै २००० च्या वादळात मध्यांबरातला, म्हणजे साधारण पन्नास ते ऐंशी किलोमीटरवरच्या हवेतला, ओझोन त्यानं थोड्या काळापुरता निम्म्याहून खाली आणला होता. दुसरा गट चिवट आहे. त्याला मारतं ऊन, आणि ध्रुवीय हिवाळ्यात ऊन नसतं. मग तो हिवाळाभर टिकतो आणि ध्रुवाभोवती हिवाळ्यात फिरणाऱ्या वाऱ्यांच्या भोवऱ्यात हळूहळू खाली, ओझोनचा थर असलेल्या स्थितांबरात उतरतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची ही करामत पॉल क्रुट्झेन यांनी १९७० च्या दशकात मांडली. ऑगस्ट १९७२ च्या मोठ्या प्रोटॉन वादळानंतर वरच्या स्थितांबरातला ओझोन घटल्याचं उपग्रहाच्या नोंदींतही सापडलं.

माझ्या २००३ च्या वादळाचं उदाहरण घ्या. आमच्याकडे दक्षिणेत तेव्हा वसंत होता, ऊन वाढत होतं, त्यामुळं तिथली ऑक्साइडं फार टिकायची नव्हती. उत्तर ध्रुवावर त्याच वेळी काळोखाची सुरुवात होती. २००४ च्या वसंतात उत्तरेच्या वरच्या स्थितांबरात नायट्रोजनची ऑक्साइडं कमालीची वाढलेली उपग्रहांना दिसली. त्या हिवाळ्यातले कण आणि नेहमीपेक्षा जोरदार भोवरा यांचा तो एकत्रित परिणाम होता. केबल मी दक्षिणेत बदलत होतो, हिशेब उत्तरेत चुकता झाला. पण हे सगळं मुख्यतः तीस-चाळीस किलोमीटरच्या वर. क्लोरिनचं छिद्र पडतं पंधरा-वीसच्या आसपास, दरवर्षी, सौरवादळ असो नसो. दोन वेगळे मजले आहेत. संदेश पुढं पाठवू नका.

प्रश्न : एवढे कण डोक्यावर पडत असताना तिथं राहणाऱ्यांना धोका नाही?

उत्तर : जमिनीवर नाही. डोक्यावरची सगळी हवा वजनानं दहा मीटर पाण्याइतकी आहे. वर सांगितलेला १० कोटीवाला प्रोटॉन नऊ सेंटिमीटर पाण्याएवढी हवा पार करता करताच संपतो. जमिनीपर्यंत खूण पोचवायला १०० कोटींच्या आसपासचे कण लागतात, ते क्वचितच येतात आणि पोचतात ते त्यांच्या टकरींतून उडालेले तुकडे. काळजी करावी ती अंतराळवीरांची. मघाचं १९७२ चं वादळ अपोलो १६ आणि अपोलो १७ या मोहिमांच्या मधल्या काळात झालं. त्या वेळी चंद्रावर कोणी नव्हतं, हे नशीब.

प्रश्न : काका, मागच्या वेळी तुमचं चुकलं असं आमच्या सरांनी सांगितलं. मला एवढंच विचारायचंय, की तुमचं ते यंत्र नव्हतं तेव्हा असे न दिसणारे कण आले असतील तर ते कुणाला कळले असतील?

उत्तर : सरांना माझा नमस्कार सांग.

माणसांना कळले नसतील, झाडांना कळले. फार ऊर्जेचे कण हवेत घुसले की रेणूंचे इलेक्ट्रॉन तर उडवतातच, पण कधी अणूचं केंद्रकच फोडतात. त्यातून न्यूट्रॉन सुटतात. असा न्यूट्रॉन नायट्रोजनला लागला की कार्बनचा एक जड प्रकार तयार होतो, कार्बन-१४. तो कार्बन डायऑक्साइडमध्ये शिरतो, हवेबरोबर जगभर पसरतो, झाड तो घेतं आणि त्या वर्षीच्या वलयात ठेवून देतं. जपानच्या फुसा मियाके यांनी तिथल्या जुन्या देवदारांची वलयं एकेक करून तपासली, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं, की इसवी सन ७७४ ते ७७५ या एका वर्षात कार्बन-१४ हजारात बारानं उडी मारतो. एरवीच्या चढउताराच्या वीसेक पट. पुढं ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका, दोन्हीकडच्या बर्फात त्याच सुमाराला अशाच टकरींतून बनणारं बेरिलियम-१० वाढलेलं मिळालं. दोन्ही ध्रुवांवर एकाच वेळी खूण, म्हणजे बोट सूर्याकडेच जातं. ते वादळ आपण यंत्रांनी मोजलेल्या कुठल्याही वादळापेक्षा कितीतरी मोठं होतं.

तुझ्या शाळेच्या आवारात एखादं झाड कापलं गेलं, तर बुंध्याची वलयं मोजून बघ. बाहेरच्या सालीपासून आत मोजत ये, आणि २००३ चं वलय सापडलं तर मला कळव. कार्बनची उडी तिथं नसेल, माझं वादळ तेवढं मोठं नव्हतं. पण त्या वर्षी मी कुठं होतो ते आता तुला माहीत आहे.